सायीचे कापड अडले कुठे?

प्रतिनिधी, मुंबई

हिरवा चहा, साखर आणि जिवाणूंचे विरजण एवढ्या सामग्रीवर अंगात घालण्याजोगे जाकीट तयार होते, हे जगाला ठाऊक होऊन आता वीसएक वर्षे झाली. या काळात अशा कपड्यांची छायाचित्रे असंख्य वेळा छापून आली. संग्रहालयांनी ते मांडले. पॅरिसच्या मंचावरही ते पोहोचले. २०२३ च्या शरद ऋतूत बॅलेन्सियागा या बड्या फॅशनगृहाने गोझेन या कंपनीच्या जिवाणूजन्य सेल्युलोजचा पायघोळ कोट पॅरिसमध्ये सादर केला. त्यानंतर २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी स्वतःला स्वतःच काळा रंग देणारा पापुद्रा वाढवल्याचे जाहीर केले. तरीही कोणत्याही सामान्य कापड दुकानात हा माल मीटरवर मागून मिळत नाही. उलट याच सुमारास, बुरशीच्या तंतूंपासून चामड्यासारखा पदार्थ करणाऱ्या अमेरिकेतील बोल्ट थ्रेड्स या कंपनीने आपल्या 'मायलो' या बहुचर्चित मालाचे उत्पादन थांबवले.

प्रयोगशाळेतील प्रगती आणि बाजारातील अनुपस्थिती यांतील हे अंतर विचार करायला लावणारे आहे. त्याचे खापर जिवाणूंवर फोडता येणार नाही. त्यांनी त्यांचे काम केव्हाच चोख केले आहे. अडचण सुरू होते ती साय टाकीतून बाहेर काढल्यावर. ती वाळवायची कशी, मऊ राखायची कशी, पावसात टिकवायची कशी आणि हे सारे शिकून होईपर्यंत पदरमोड कोणी करायची, या प्रश्नांची उत्तरे अजून पुरती मिळालेली नाहीत.

हे जिवाणू मुळात व्हिनेगर करणाऱ्यांच्या कुळातले. साखर घातलेल्या आंबट द्रावणात त्यांना सोडले, भांडे हलवले नाही आणि तापमान २८ ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास राखले, की काही दिवसांतच दुधावर धरते तशी साय द्रावणावर धरू लागते. दोन-तीन आठवड्यांत ती बोटाच्या रुंदीइतकी जाड होऊ शकते. साय वरच धरते, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो हवेच्या सान्निध्यातच मिळतो. प्रत्येक जिवाणू आपल्या अंगावरील सूक्ष्म छिद्रांच्या रांगेतून सेल्युलोजचे तंतू बाहेर सोडत राहतो. माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक असे हे तंतू एकमेकांत गुंततात आणि त्यांची घट्ट जाळी तयार होते. रासायनिकदृष्ट्या हे सेल्युलोज कापसाच्या बोंडातलेच. लाकडातल्या सेल्युलोजला चिकटलेले लिग्निन मात्र त्यात नसते. त्यामुळे लगद्यासाठी लाकूड शिजवताना जो रासायनिक खटाटोप करावा लागतो, तो येथे वाचतो.

यात नवलाचे वाटण्यासारखे असले तरी नवे फारसे नाही. एड्रियन ब्राऊन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने व्हिनेगरवरील या पडद्याचे वर्णन करून तो सेल्युलोजचा असल्याचे १८८६ मध्येच दाखवून दिले होते. फिलिपीन्समध्ये नारळाच्या पाण्यावर हीच साय धरवून, तिचे चौकोनी तुकडे पाकात घालून 'नाता दे कोको' नावाचा गोड पदार्थ केला जातो. १९९० च्या दशकात जपानमध्ये त्याचे वेडच लागले होते. सोनी कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उंची हेडफोनच्या पडद्यासाठी हे सेल्युलोज वापरले, तर ब्राझीलमध्ये भाजलेल्या त्वचेवर झाकण म्हणून त्याचे पातळ पापुद्रे वापरात आले. म्हणजे खाण्यासाठी, ऐकण्यासाठी आणि जखमेवर बांधण्यासाठी जी वस्तू चालली, ती अंगावर घालण्यासाठीच अडली आहे.

वस्त्राच्या दिशेने तिला वळवण्याचे श्रेय प्रामुख्याने सुझान ली यांना जाते. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात संशोधन करताना त्यांनी 'बायोकुट्यूर' हा प्रकल्प हाती घेतला. गोड चहावर कोंबुचाच्या विरजणाची साय धरवायची, ती धुऊन वाळवायची आणि त्यातून जाकीट किंवा घागरा बेतायचा, अशी ही पद्धत. २०११ मधील एका गाजलेल्या व्याख्यानात त्यांनी ती जगापुढे मांडली आणि त्याच व्याख्यानात तिची दुखरी बाजूही सांगून टाकली. हे वस्त्र नेसून पावसात गेले तर ते पाणी शोषून जड होईल आणि त्याचे जोड सुटू लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे या विषयावर जे उत्साही लेखन झाले त्यातून पहिला भाग उरला, दुसरा गळाला.

'जिवंत कापड' हा शब्दप्रयोगही असाच दिशाभूल करणारा आहे. साय काढल्यावर ती सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतात. त्यात जिवाणू मरतात, त्यांचे अवशेष निघून जातात आणि वासही जातो. अंगावर येते ते निव्वळ सेल्युलोज. जिवंतपणाचा संबंध फक्त टाकीपुरता. इम्पीरियल कॉलेजचा प्रयोग नेमका याच मर्यादित काळाचा उपयोग करून घेतो. प्रा. टॉम एलिस यांच्या गटाने जिवाणूंमध्ये अनुवांशिक बदल करून त्यांना मेलॅनिन तयार करायला लावले. माणसाच्या केसांना काळेपणा येतो तो याच रंगद्रव्यामुळे. बुटाच्या आकाराच्या भांड्यात दोन आठवडे साय वाढवायची आणि मग ३० अंशांवर दोन दिवस हलकेच हलवत ठेवायची. एवढ्यात बुटाचा वरचा भाग काळा होऊन तयार. निळ्या प्रकाशाचे झोत टाकून हवी तेथे नक्षी उमटवण्याचीही सोय त्यांनी करून पाहिली. रंगाईच्या सांडपाण्याने नद्यांची काय दशा होते हे पाहणाऱ्या कोणालाही या प्रयोगाचे मोल सांगावे लागणार नाही. मात्र रंगाचा प्रश्न सुटला तरी पाण्याचा उरतोच.

त्याहून मूलभूत प्रश्न आहे तो रूपाचा. टाकीत जे वाढते ते कापड नसते, तो पापुद्रा असतो. कापड धाग्यांचे बनते. धागे एकमेकांवरून सरकतात म्हणून कापड लवते, पडते, हवा खेळू देते. पापुद्र्यातील तंतू जागच्या जागी जखडलेले असतात. वाळल्यावर तो चर्मपत्रासारखा ताठ होतो. ग्लिसरीनसारखे मऊपणा आणणारे पदार्थ घालून त्याला लवचीक करता येते, पण त्याचा सदरा किंवा साडी होत नाही. त्याचे नाते चामड्याशी आहे. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातील बहुतेक कंपन्या पिशव्या, पाकिटे, पट्टे आणि पादत्राणांकडे वळल्या आहेत, त्यामागे हे साधे कारण आहे.

धाग्याकडे जाण्याच्या वाटाही शोधल्या जात आहेत. जेन कीन या तरुणीने २०१८ मध्ये शिक्षण घेत असतानाच उभे धागे ताणून ठेवले आणि आडव्या धाग्यांचे काम जिवाणूंवर सोपवले. त्यातून बुटाचा वरचा भाग अखंड, न शिवता वाढवता आला. पुढे त्यांनी लंडनमध्ये मॉडर्न सिंथेसिस ही कंपनी स्थापन केली. दुसरी वाट अधिक रोकडी आहे आणि तिचा एक धागा भारतापर्यंत येतो. ऑस्ट्रेलियातील नॅनोलोज या कंपनीने जिवाणूंचे सेल्युलोज सरळ विरघळवून त्याचे लायोसेल जातीचे धागे काढण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिम इंडस्ट्रीजशी हातमिळवणी केली. दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्जही केला. येथे सायीचे रूप नाहीसे होते आणि लाकडाच्या लगद्याची जागा ती घेते. त्यात छायाचित्रकारांसाठी काही नाही. ज्या गिरण्या आज आहेत त्यांच्याच यंत्रांवर हा धागा चालू शकतो, ही त्याची खरी किंमत. झाडे न तोडता लगदा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण लगद्याच्या भावात जिवाणूंचे सेल्युलोज देणे आजमितीला कोणालाच सोपे नाही.

ते का सोपे नाही, याचा अंदाज अगदी साध्या हिशेबातूनही येतो. स्थिर ठेवलेल्या एक लिटर द्रावणातून हाती लागते ते काही ग्रॅम कोरडे सेल्युलोज. ते पाच ग्रॅम धरले आणि चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा पापुद्रा हवा असेल, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ५० लिटर द्रावण लागते. ओल्या सायीत ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणजे त्या २५० ग्रॅमसाठी सुमारे २५ किलो ओली साय हाताळावी लागते. त्यातले सारे पाणी केवळ उष्णतेने उडवायचे म्हटले तर आदर्श परिस्थितीतही १५ युनिटांच्या आसपास ऊर्जा खर्ची पडते. प्रत्यक्षात दाब देऊन बरेचसे पाणी आधीच पिळून काढतात, त्यामुळे खर्च खाली येतो. पण पिळण्यासाठी यंत्र हवे, वाळवण्यासाठी जागा हवी आणि सलग पंधरा दिवस एका टाकीत एकच पीक घ्यायचे तर टाक्यांची संख्या मोठी हवी. द्रावण ढवळत ठेवले की वाढ होते, परंतु सलग सायीऐवजी गोळे तयार होतात. विणमागावर मिनिटागणिक कापड उतरत असते. त्याच्याशी ही स्पर्धा आहे.

एवढे करून पापुद्रा तयार झाला, की सुझान ली यांनी सांगितलेला पाऊस पुन्हा आडवा येतो. सेल्युलोजला पाण्याची ओढ उपजतच. ती मोडायची तर वर लेप द्यावा लागतो. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा लेप पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकचा. तो दिला की वस्तू टिकाऊ होते आणि ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप केला ते कारण पातळ होते. पर्यायी चामड्यांच्या दुनियेत असे घडल्याचा पुरावा आहे. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील एका संशोधन संस्थेने २०२१ मध्ये नैसर्गिक चामडे आणि त्याला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पदार्थांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात कोंबुचाच्या सायीचाही नमुना होता. चामड्याचे सर्व गुण एकत्रितपणे देणारा एकही पर्याय त्यांना आढळला नाही आणि वनस्पतिजन्य म्हणवणाऱ्या काहींत प्लास्टिकचा वाटा भरपूर निघाला. आपल्याकडे ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतात, त्याचेच हे फळांची नावे धारण केलेले भाऊबंद. जिवाणूंच्या सायीची खरी लढत रेक्झीनशी आहे. ती जिंकण्यासाठी तिला प्लास्टिकविरहित लेप सापडला पाहिजे. काही कंपन्या नैसर्गिक तेले, मेण आणि प्रथिने वापरून त्या दिशेने प्रयत्न करीत आहेत.

कंपन्यांच्या प्रचारात मात्र तुलना बहुधा कापसाशी केलेली असते. कापसाच्या एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागते, हा आकडा हमखास पुढे येतो. त्यातले पाणी धरणाचे की पावसाचे, हे सहसा सांगितले जात नाही. विदर्भातील कापूस बहुतांशी पावसावरच येतो. तेथील शेतकऱ्याची तक्रार पाणी फार लागते अशी नसून ते वेळेवर मिळत नाही अशी आहे. शिवाय जगाच्या वस्त्रांचा मोठा भाग आज कापसाचा राहिलेलाच नाही. टेक्सटाइल एक्स्चेंज या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतूंचे उत्पादन झाले. त्यात पॉलिएस्टरचा वाटा ५७ टक्के होता आणि कापसाचा पाचवा हिस्सा. खनिज तेलापासून निघालेल्या या स्वस्त धाग्याला जिवाणूंचा कोणताही माल अद्याप भावात टक्कर देऊ शकत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना टाळली जाते. पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. 'हरित', 'पर्यावरणस्नेही' यांसारखे मोघम शब्द पुराव्याविना वापरता येणार नाहीत, असा त्यांचा रोख आहे. भारतात असा माल विकायला येणाऱ्यांना हा हिशेब द्यावा लागेल.

पैशाची बाजू तर अधिक बोलकी आहे. मायलोच्या पाठीशी २०२० मध्ये आदिदास, केरिंग, लुलुलेमन आणि स्टेला मॅकार्टनी अशी मातबर नावे उभी राहिली होती. नमुने निघाले, थोड्या पिशव्या विकल्याही गेल्या. पण लहान प्रमाणावर महागडा निघणारा माल स्वस्त व्हायचा तर मोठा कारखाना हवा, आणि मोठ्या कारखान्यासाठी भांडवल देणारे व्याजदर चढताच मागे हटले. २०२३ मध्ये उत्पादन थांबले. जुन्या सुती कपड्यांपासून लगदा बनवणाऱ्या स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीचे उदाहरण जिवाणूंचे नाही, पण बोध तोच. तिने कारखाना उभारून दाखवला. ज्या ब्रँडांनी स्वागताची भाषणे केली त्यांच्याकडून पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. नंतर नव्या मालकांनी ती विकत घेतली. नव्या मालाचा वाढीव खर्च धागा बनवणाऱ्याने सोसावा, गिरणीने सोसावा, पण ब्रँडने आणि ग्राहकाने सोसू नये, अशी ही रीत आहे.

ज्यांना दम धरता आला त्यांची गोष्ट वेगळी. जपानच्या स्पायबर कंपनीत जिवाणूंकरवी प्रथिन तयार करून त्याचा धागा काढतात. कोळ्याच्या रेशमाची नक्कल म्हणून २०१५ मध्ये तिने नॉर्थ फेस या नाममुद्रेसह एका जाकिटाचा नमुना दाखवला. कोळ्याचे रेशीम भिजले की आक्रसते, आणि बाहेर घालायच्या जाकिटाला हा दुर्गुण परवडणारा नव्हता. प्रथिनाची रचनाच बदलावी लागली. विक्रीला आली ती २०१९ मध्ये, अवघी ५० जाकिटे, प्रत्येकी दीड लाख येनला आणि तीही सोडत काढून. पाण्याचा एक प्रश्न सोडवायला चार वर्षे गेली.

या पार्श्वभूमीवर केरळमधील मलाई या छोट्या उद्योगाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. खोबरे सुकवणाऱ्या कारखान्यांत नारळाचे पाणी मोठ्या प्रमाणावर फेकले जाते आणि ते साचून जमीन आंबट होते. हेच पाणी गोळा करून, उकळून त्यावर जिवाणूंची साय धरवायची, तिच्यात केळीच्या खुंटाचे, घायपाताचे तंतू मिसळायचे आणि त्याचे तक्ते वाळवायचे, अशी त्यांची पद्धत. टाक्यांना कृत्रिम ऊब द्यावी लागत नाही, कारण केरळची हवा ते काम करते. मालाला प्लास्टिकचा लेप नाही आणि तो चामड्याइतका दणकट असल्याचा दावाही नाही. पिशव्या आणि पाकिटांपुरते त्याचे क्षेत्र आहे. मेक्सिकोतील पॉलिबियन ही कंपनी आंब्याच्या टाकाऊ भागावर असाच उद्योग मोठ्या प्रमाणावर करू पाहते आहे.

अर्थात, 'टाकाऊ' या शब्दावर फार विसंबता येत नाही. टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक मिळाले की तिला भाव येतो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांची मळी हे त्याचे ठसठशीत उदाहरण. जिवाणूंच्या सेल्युलोजसाठी मळी चालते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण ही मळी आधीच आसवन्यांच्या आणि इथेनॉलच्या वाट्याला गेलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यास मनाई करून मळीच्या वापरावर मर्यादा घातल्या आणि पुढच्याच वर्षी निर्बंध उठवले, तेव्हा कारखानदारांची झालेली तारांबळ ताजी आहे. अशा खेचाखेचीत कापडासाठी आंबवण करणाऱ्या नवख्या उद्योगाचा क्रमांक शेवटचाच लागेल.

केंद्र सरकारचे बोलणे मात्र मोठे आहे. जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणाऱ्या 'बायोई३' धोरणाला मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली. जैवबहुवारिके आणि जैवरसायने हा त्यातील एक प्राधान्यविषय आहे, आणि संशोधकांना सामायिक वापरासाठी आंबवण यंत्रणा उपलब्ध करून देणारी केंद्रे उभारण्याची कल्पनाही त्यात आहे. ही कल्पना योग्य जागी बोट ठेवणारी आहे. पाच लिटरच्या भांड्यातून पाच हजार लिटरच्या टाकीत जाताना नवे उद्योग बुडतात, आणि ती टाकी स्वतः विकत घेण्याची ऐपत त्यांच्यात नसते. मात्र सामायिक यंत्रणा बहुधा औषधांच्या आणि विकरांच्या गरजेने बेतल्या जातात. त्या उंच, बंद आणि ढवळत्या असतात. सायीला उथळ आणि निश्चल टाक्या लागतात. हा भेद निधी वाटप करणाऱ्यांच्या ध्यानात आला तरच वस्त्रासाठी काम करणाऱ्यांना या धोरणाचा लाभ मिळेल. जिवाणूंत अनुवांशिक बदल केलेले असतील तर १९८९ च्या नियमांखालील परवानग्याही घ्याव्या लागतील. नैसर्गिक वाणांना ही अट नाही.

आणखी एक बाजू आहे, जिचा उल्लेख लंडन-पॅरिसच्या चर्चेत क्वचितच येतो. चर्म निर्यात परिषदेनुसार भारतात चामडे आणि पादत्राणे उद्योगावर सुमारे ४४ लाख लोकांची रोजीरोटी अवलंबून आहे. त्यातील बहुसंख्य दलित आणि मुस्लिम समाजांतील आहेत. कातडी कमावण्याच्या धंद्याने पालार नदीचे काय केले, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्याच्या निकालात नोंदवले आहे. क्रोमियमच्या हौदात उभे राहण्याचे काम संपले तर त्याबद्दल कोणी अश्रू ढाळणार नाही. पण कातडे हे मांसाच्या धंद्याचे उप-उत्पादन आहे. पर्यायी माल आला म्हणून जनावरे कापणे थांबत नाही. कातड्याचा भाव पडतो आणि तो आधी सोसावा लागतो कातडी गोळा करणाऱ्याला. कापणे, शिवणे, ठोकणे ही कामे मात्र दोन्ही मालांत जवळपास तीच. साय बेतणाऱ्या हाताला सुईचे नेमके तेच भान लागते, जे चामडे बेतणाऱ्याला लागते. पापुद्र्याला एकदा पडलेले छिद्र बुजत नाही. आंबवण यंत्रणेसाठी जैवतंत्रज्ञान विभाग पैसे देईल. धारावीतील किंवा आंबूरमधील कारागिराला हा नवा माल हाताळायला शिकवण्याची तरतूद कोणत्या खात्याने करायची, याचा निर्णय त्यानंतर घेऊन चालणार नाही.